विहीर क्रमांक तीन

नमुना: भूजल.
ठिकाण: राखेच्या तलावाखालची विहीर क्रमांक तीन.
वेळ: सकाळी नऊ वाजून दहा.

इथपर्यंत धनश्रीनं बाटलीची चिठ्ठी लिहिली आणि मीटर पुन्हा पाण्यात बुडवला. क्षार दोन हजार नऊशे. वर्षभराच्या रिपोर्टात हा आकडा पाचशेच्या वर कधी गेला नव्हता. शिरूर कासारच्या माळावरचा हा वीजप्रकल्प कापसाच्या पऱ्हाट्या जाळून चालायचा, आणि त्याची पर्यावरणाची सगळी कामं तिच्या एकटीच्या अंगावर होती. अकराला प्रदूषण मंडळाचे अधिकारी येणार होते. स्वतःच्या हातानं पाणी काढणार होते.

नमुना घेणारा: बंकट.

तो मेंढरं घेऊन रोज इकडंच असायचा, म्हणून महिन्याची बाटली त्याच्यावर सोपवलेली. तिनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं फुशारकीनंच सांगितलं की बाटली तो घासूनपुसून घ्यायचा आणि वरच्या मळ्यातल्या गोड विहिरीवर भरायचा. कोसभर चालून.

"पण का, मामा?"

"आता बाटली शहरात जाती. तितं सायेब लोक चाखूनच बघत असतील की. असलं मचूळ पाणी धाडून गावाचं नाक कापून घ्यायचं व्हय, ताई?"

दिवाळीपासून मेंढरं या विहिरीच्या पाण्याला तोंड लावत नाहीत, हेही तो सहज बोलून गेला. आधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

समक्ष:
समक्ष:

रकाना दोनदा लिहिला गेला. बाराही चिठ्ठ्यांवर इथं तिची सही होती. बाटली गेटवर यायची, ती सही करायची. विहिरीवर ती आज पहिल्यांदा उभी होती.

फोन. प्लांट मॅनेजर रामेश्वर साहेब. आकडा तिनं त्यांना आधीच कळवला होता. गोड्या पाण्याचा टँकर निघालाय, विहिरीत ओतून घ्या, म्हणाले. मंडळाचं संमतीपत्र अडकलं तर प्लांट बंद; राखेचं पाणी झिरपू नये म्हणून तलावाच्या तळाला अस्तर घालायचं तर सहा महिने जातील. मग आवाज खाली आला.

"सह्या तुमच्या आहेत, मॅडम. माझी एकही नाही."

वेळ: दहा वीस.

टँकरवाल्या बिभीषणनं विहिरीत पाइप सोडला. पाणी सुरू व्हायच्या आत धनश्री त्या पाइपवरच बसली.

"ताई, उठा. माजी नोकरी जाईल."

"माझी जाणार आहे. तू नुसता उभा राहा."

तो उभा राहिला. बंकट एकदा तिच्याकडं, एकदा टँकरकडं बघत होता.

वेळ: दहा चाळीस. जीप वेळेआधी आली.

अधिकाऱ्यानं हातमोजे चढवले, टँकरकडं पाहिलं आणि आधीचे नमुने कुणी घेतले म्हणून विचारलं. बंकट घसा खाकरून पुढं झाला. धनश्री त्याच्याआधी बोलली.

"ते या विहिरीचे नव्हतेच. मी न बघता सह्या केल्या. बाराही."

अधिकाऱ्यानं दोरीला बांधलेली बाटली काठावर ठेवली. खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं.

"हे आधी लिहून द्या. पाणी मग काढू."

तिनं चिठ्ठी उलटी केली, गुडघ्यावर ठेवली आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.