काचेची कड

पाळणाघर बंद होतं, म्हणून जुन्या घरांची तपासणी करणारी इंजिनीअर त्या दिवशी लेकीला कडेवर घेऊनच आली.

"दार जरा हळू लावा," फोटोंना काचेच्या फ्रेमा करून देणारे काका आतूनच म्हणाले.

गल्लीतलं सगळ्यांत जुनं घर ते. कमानदार खिडक्या, नक्षीचा लाकडी कठडा आणि जिन्याच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत उतरलेली भेग. मागच्या खेपेला तिनेच भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. काच शाबूत राहिली तर घराची डागडुजी. तडकली तर भिंत सरकतेय, घर रिकामं करून पाडायचं.

"बघा, जशीच्या तशी!" काका खुशीत होते. "उगाच धडधाकट बाईला आजारी ठरवत होतात. काकू गेली, पण ही वास्तू मला सोडून जायची नाही."

काच खरंच अखंड होती. तिचा जीव भांड्यात पडला. वहीत टिपून घ्यायला तिने लेकीला खाली ठेवलं, तोच पोरगी जिन्याकडे पळाली आणि काचेच्या कडेवरून बोट फिरवू लागली.

"चिमणे, हात काढ! कापेल!"

धावत जाऊन तिने ते इवलं बोट उलटंसुलटं करून पाहिलं. रक्त नाही, साधा ओरखडा नाही. मग तिने स्वतःचं बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती. तिने लावलेली पट्टी खरखरीत होती. लावताना तिचाच अंगठा कापला होता आणि काकांनीच चिंधी बांधली होती.

"काका, काच कधी तडकली?"

"कुठली?" ते बोलून गेले आणि ओशाळले.

म्हणजे काच एकदा नाही, अनेकदा बदलली होती.

"कड घासायला नको होती," ते पुटपुटले. "हाताची सवय गं. येणारंजाणारं पोर हात लावतं." मग अगदी हळू, "तू पाहिलंच नाहीस असं समज ना, पोरी."

हो म्हणावंसं तिला फार वाटलं. पण लेक भिंतीला पाठ टेकून उभी होती. तिने झडप घालून तिला उचललं.

"काका, तुम्हीही चला बाहेर. आत्ताच."

ते कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग चपला घालून बाहेर आले आणि आत कुणी झोपलं असावं तसं, जराही आवाज न करता, त्यांनी दार ओढून घेतलं.