सात डोळ्यांची छाटणी

मुलांनो, डोळे मिटा आणि एक लाकडी कुंपण समोर आणा. अलीकडे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातलं श्रियाचं नवं घर, पलीकडे फरेराकाकांची द्राक्षाची वेल. जात व्हर्देलो, पांढऱ्या वाइनची. काकांचे वडील पोर्तुगालच्या मदेरा बेटावर हीच द्राक्षं पिकवायचे, म्हणून काकांचा जीव त्या वेलीत. येत्या मार्चला वाइनसाठी द्राक्षं पायांनी तुडवायला नऊ वर्षांच्या श्रियाला बोलवायचं त्यांनी कबूल केलं होतं.

आणि २००६च्या ऑक्टोबरात एका सकाळी पाहतात तो काय, वेलीच्या काड्या कापलेल्या. नुकती फुटलेली पालवी मातीत, कापांतून पाणी ठिबकतंय. काका दारात येऊन म्हणाले, चेंडू आणायला कुंपणावरून फक्त ही येते. आता हिने पलीकडे पाऊल टाकायचं नाही. बाबांनीही श्रियाकडे वळून पाहिलं. तेच तिला जास्त लागलं.

मग तिला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. समोरच्या जुळ्यांचा, गवत कापायला येणाऱ्या माणसाचा. शेवटी तिने कुंपणाच्या फटीला नाक लावलं. काप तिरके आणि स्वच्छ होते. काडीवर कोंब फुटतो त्या जागेला डोळा म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. तिने डोळे मोजले. सात. दुसऱ्या काडीवरही सात. तिसरीवरही.

तिचे आजोबा, नानासाहेब, निफाडचे द्राक्षबागायतदार. गेल्याच महिन्यात इथं राहायला आले होते. सात डोळे राखायचे, पुढे कात्री, हे ते फोनवरसुद्धा सांगायचे. आणि कालपासून ते कुंपणाकडे पाठ करून बसत होते.

गॅरेजमध्ये गुलाबाची कात्री जुन्या टॉवेलात गुंडाळलेली सापडली. पात्याला हिरवट डाग.

"आजोबा, ही तुम्ही लपवलीत?"

"ऑक्टोबर लागला की आपल्याकडे छाटणी असते गं. शेजाऱ्यांचा गुडघा दुखतो, म्हटलं आपण करून टाकू. इथं आत्ता वसंत असतो, छाटणी हिवाळ्यातच झालेली असते, हे हातांना कुठं ठाऊक? मग ते ओरडत आले, आणि माझी जीभ टाळूला चिकटली."

"तेव्हा मी तिथेच उभी होते."

"होतीस."

श्रियाने त्यांच्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणून पायांपुढे ठेवल्या, कात्री टॉवेलासकट उचलली, आणि पुढे जाऊन फरेराकाकांच्या दारावरची बेल दाबली.