बिनशिंगी कबरी

आमच्या कबरीला 'ती' म्हणायचं की 'तो', मला अजून कळत नाही. दीड वर्षाची झाली, एकदाही माजावर आली नाही. उलट बोकडासारखी दुसऱ्या शेळ्यांवर उड्या मारते, आणि वास तर असा की सकाळचा पोदेर पाव फाटकावरच ठेवून सटकतो.

कबरी माझ्या सेजलची. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कपाळ गुळगुळीत. जन्मली त्याच दिवशी मी लेकीला म्हटलं, ही तुझी, हिच्यापासून स्वतःचा कळप कर.

सेजल चार वर्षांची असताना घरच्याच शेळीचं शिंग लागून तिचा उजवा डोळा गेला. मी शिंगवाली सगळी जनावरं विकून टाकली. शोधून शोधून बिनशिंगी शेळ्या आणल्या, बोकडही बिनशिंगीच. शिंगं फुटणारं पिल्लू निघालं की ते गेलंच पेडण्याच्या बाजारात. लोक सांगायचे, सुलोचना, रंग बघ, कान बघ, दूध बघ. मी मेली फक्त कपाळावर हात फिरवायची. बारा वर्षं झाली.

परवा लसी टोचायला मनीषा डॉक्टर आल्या. त्यांनी कबरीची शेपटी उचलून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, आईबाप शिंगवाले होते का? मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या गोठ्यात शिंग औषधाला सापडायचं नाही. तेव्हा त्यांनी मला खाली बसवलं. बिनशिंगीला बिनशिंगीच बोकड लावला की काही पिल्लं अशी निघतात म्हणाल्या, धड नर ना मादी. ही कधीच विणार नाही. बोकड शिंगवाला आणा.

माझं डोकंच चालेना. लेकीला जपायला केलं, आणि लेकीचीच शेळी मी वांझ जन्माला घातली? शिंग ठेवलं तर डोळा जातो, शिंग टाळलं तर कळप बुडतो. मग माणसानं करायचं तरी काय? आधी डॉक्टरांचा राग आला, मग माझाच आला. शिंगवाला बोकड या दारात येणार नाही, त्यापेक्षा सगळ्या विकते, असं मी सेजलला सांगून टाकलं. ती कबरीला खाजवत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. शोधत शोधत मी केरीच्या धक्क्यावर पोचले, तर तेरेखोलहून फेरीबोट येत होती. स्कूटरवाल्या पर्यटकांच्या मधोमध माझी पोर उभी, हातात दोरी, आणि दोरीला पलीकडच्या सदाशिवभावजींचा तांबडा बोकड. शिंगं ही एवढाली. हाक मारली तर बोकड बुजेल, एवढंच मला सुचलं.

ती सावकाश उतरून माझ्यापाशी आली. आपल्या चांदी शेळीला हा लावूया म्हणाली, तिचं पुढचं पिल्लू माझं, आणि कबरीला विकायचं नाही. मी शिंगांकडेच बघत होते.

"भियां नको गो आई," ती म्हणाली. "डाव्या हाताक ठेवलो की दिसता माका."

बोकड तिच्या डावीकडेच होता. मी तिच्या उजवीकडे गेले, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला, आणि आम्ही घरी निघालो.