पाणथळीतली होडी

मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते. माझा तळ सपाट आहे. मला घडवणारा सुतार म्हणायचा, "हिला समुद्र नको. गुडघाभर पाणी मिळालं की ही राणी." आणि खरंच, मी शहराच्या कडेच्या पाणथळीत राणीसारखी वावरले.

ती जागा अर्धं वर्ष तळं असते आणि अर्धं वर्ष चिखल. तिच्यात माणसाच्या उंचीची लव्हाळी वाढतात. माझी मालकीण ती कापून चटया विणणाऱ्यांना द्यायची. सगळे तिला ताई म्हणत. ती माझ्या टोकाशी उभी राहून विळा चालवी आणि पेंढ्या माझ्या पोटात रची. पाणकोंबडीचं घरटं दिसलं की तेवढा पुंजका सोडून पुढे जाई. "बाळंतिणीच्या खोलीत शिरू नये," असं मला बजावी, जणू मीच शिरणार होते!

ताई भावाकडे राहायची. पाणथळीला लागूनच त्यांची गल्ली होती. दोन खोल्या, भिंतींना ओल. वहिनी घरीच शर्टाच्या कॉलरी शिवायची. तिचं शिलाई मशीन खिडकीशी होतं. शिवायला बसायचं तर आधी मुलांची अंथरुणं गुंडाळावी लागत.

एके दिवशी काठावर मोठी पाटी लागली. पाणथळ बुजवून तिथे इमारती होणार होत्या. दगडमातीचे ट्रक येऊ लागले. वहिनीला तर आनंद मावेना. ताईचा चेहरा मात्र उतरला.

"वन्सं, तुमच्या बेडकांना घर आहे," वहिनी म्हणाली, "माझ्या लेकरांना नको का?"

"हवं गं. कोण नाही म्हणतं? पण पाण्यालाही टेकायला जागा लागते."

"पाण्याचं काय, वाट फुटेल तिकडे जाईल."

"त्याचीच तर भीती वाटते."

झालं! दोघींचा अबोला सुरू झाला. एकाच खोलीत बसून निरोप मात्र लेकीच्या तोंडून जात. "आत्याला सांग, चहा झालाय." "आईला सांग, घेतला."

भराव वाढत वाढत अर्ध्या पाणथळीवर आला. लव्हाळी त्याखाली गेली, तसं माझं कामही संपलं. ताईने मला काठावर पालथी घातली आणि ती दुसऱ्याच्या गोदामात झाडलोट करू लागली. ट्रकवाले माझ्या पाठीवर बसून डबे खात. मांजरं ऊन खात. कोणी माझी विचारपूस करत नसे. माझ्या फळ्या वाळून उलू लागल्या. तरी एवढं पक्कं ठाऊक होतं, की पाणी आपली जागा विसरत नाही.

त्या पावसाळ्यात एकदा झड लागली ती थांबेचना. वरून आलेलं पाणी नेहमीसारखं पाणथळीत पसरायला गेलं, भरावाला धडकलं आणि उलटं फिरून गल्लीत शिरलं. ताई पाणी तुडवत माझ्याकडे धावली. तिने आणि भावाने मला सुलटी केली. फटींत चिंध्या कोंबल्या आणि मला थेट गल्लीत घातलं. दोन्हीकडे दारं, मध्ये मी! सुताराने स्वप्नातही हे पाहिलं नसेल.

घरात मुलं माळ्यावर बसली होती. वहिनी टेबलावर उभी होती. मशीनचं डोकं काढून तिने छातीशी धरलं होतं.

"आधी लेकरं दे," ताई ओरडली. कित्येक महिन्यांनी ती थेट बोलली होती.

"मशीन सोडून मी येणार नाही!"

"सोड कोण म्हणतंय? तुझ्याबरोबर तेही घेते. पण आधी लेकरं!"

आम्ही मुलांना उंचावरच्या शाळेत पोचवलं. शेजारच्या आजोबांना नेलं. मग वहिनी आणि तिचं मशीन. माझ्या तळातून पाणी झिरपत होतं, पण मी कुणाला बुडू दिलं नाही. वहिनीने गढूळ पाण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "वन्सं, वाट फुटली हो पाण्याला." ताईने नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पूर ओसरल्यावर बांधकामाबद्दल सभा भरली. बांधकामवाल्यांचा माणूस म्हणाला, "ज्यांना घरं हवीत त्यांनाही बोलू द्या." वहिनी ताडकन उभी राहिली.

"मला घर हवंय, आजही हवंय. टेकाडावरचा कारखाना कधीचा बंद पडलाय. तिथे बांधा ना! पाण्याच्या जागेत बांधाल, तर पाणी न विचारता राहायला येईल."

सभेत हशा पिकला. तेवढ्याने काम थांबलं असं समजू नका. नणंद-भावजयींनी वर्षभर कचेऱ्यांचे हेलपाटे घातले. गल्लीतली माणसं एकेक करून त्यांच्यासोबत जाऊ लागली. अखेर इमारती टेकाडावर उभ्या राहिल्या आणि भराव उचलायचा हुकूम निघाला. वहिनीला तिथेच घर मिळालं. ताईसुद्धा तिथेच राहते. मशीनला आता स्वतःचा कोपरा आहे.

मला नवं डांबर लागलं आणि मी पुन्हा पाण्यात उतरले. भराव उचललेल्या भागात लव्हाळी अजून विरळ आहेत, पण येतील. पाणकोंबड्या आधीच येऊन पोचल्यात.

मित्रांनो, तुमच्या शहराच्या कडेलाही असा एखादा चिखल असेल. त्याला पडीक म्हणू नका. तो तुमच्या वाटचं पाणी पोटात धरून बसलेला असतो. कोणी तो बुजवायला आलं, तर समोर उभे राहा आणि विचारा, "इथलं पाणी जाणार कुठे?" उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.