अठरा कोर आणि एक गळा

माझ्या भावाला सगळं मोठं लागतं. पांढरकवड्यात त्याचं साउंड सिस्टिमचं दुकान आहे आणि पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा त्याचा फोटो मोठा आहे. लग्न असो की भीमजयंती, विक्कीचे स्पीकरचे डब्बे ट्रॅक्टरवर चढले की गल्लीतल्या घरांमधली भांडी थरथरायला लागतात. तिथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. मागच्या वर्षी त्याने दुकानामागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकले आणि त्याला स्टुडिओ म्हणायला लागला, तेव्हाही मी हसून सोडून दिलं. पण त्याच खोलीत त्याने माझ्या बापाचा आवाज मातीत घातला. ते मी हसून सोडणार नाही.

माझे बाबा, देवराव, केळापूर तालुक्यात चाळीस वर्षं गायन पार्टी घेऊन फिरले. गाणी स्वतः रचायचे, स्वतः गायचे. त्यांतलं एक गाणं फक्त त्यांचं होतं: माझी आजी सुभद्रा छप्पन साली कडेवर पोर घेऊन पायी नागपूरला दीक्षेला गेली, त्याचं. शेवटच्या कडव्यात बाबा आजीच्या नावावर एक तान घ्यायचे. ती संपेपर्यंत वस्तीत कोणी खोकायचं नाही. लोकांच्या मोबाइलवर त्या गाण्याचे तुकडे आहेत, पण त्यांत बाबा कमी आणि गर्दी जास्त.

मग बाबांचा घसा बसला तो बसलाच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनची तारीख मिळाली. बाबा घरी आले आणि घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "एकडाव मनभरून गातो. मंग काढा म्हना काय काढाचं ते."

मी हैदराबादला एका डेटा सेंटरमध्ये काम करते. मोठाल्या थंडगार खोल्यांमध्ये सर्व्हर लावायचे, बिघडले तर बघायचे, जुने झाले की काढायचे. फोन आला तशी रजा टाकली, लॅपटॉप पाठीवर घेतला आणि हायवेने बसमधून घरी पोचले. घरात रडारड असेल असं वाटलं होतं. विक्कीदादा दुकानात एक नवा कॉम्प्युटर उघडून उभा होता, आणि शेजारी बाबांचे ढोलकीवाले बाबाराव काका कौतुकाने वाकून बघत होते.

"अठरा कोर हायेत याच्यात, अठरा!" दादा म्हणाला. "सर्व्हरचा प्रोसेसर हाय. बँका चालतेत याच्यावर. बाबासाठीच आनला."

"चालत होत्या," मी म्हणाले. "आता काढून फेकला म्हनून तुले भेटला."

हे मी चिडवायला बोलले नाही. असे प्रोसेसर मी स्वतःच्या हाताने काढते. चांगले चालू असतात, पण नवे आले की जुन्यांचा लॉट निघतो, दिल्लीला जातो, आणि तिथून कोणत्यातरी हलक्या बोर्डावर बसून दादासारख्यांच्या गळ्यात पडतो. त्या प्रोसेसरचा काही दोष नसतो. त्याला हजार लोकांची कामं एकदम करायला बनवलेलं असतं. कोणाचं तिकीट, कोणाचा व्यवहार, तो सगळ्यांचं थोडं थोडं करत रात्रंदिवस चालतो. एखाद्याचं काम किंचित उशिरा झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र त्याचा एकेकटा कोर, म्हणजे आत बसलेला एकेक कामकरी, धिमा असतो. घरच्या कॉम्प्युटरच्या चिपमध्ये कोर थोडे असतात, पण चपळ. एका माणसाचं एक काम समोर आलं की ती सगळा जोर लावून तिथल्या तिथे करून देते. आणि गाणाऱ्याचा आवाज माईकमधून घेऊन, त्याच्यावर इको चढवून, त्याच क्षणी त्याच्या कानात परत पोचवणं हे असंच एका दमाचं काम आहे. ते अठरा जणांत वाटता येत नाही.

दादाला मी त्याच्या भाषेत सांगितलं. "जयंतीच्या पंगतीची भट्टी पाचशे लोकाईले जेवू घालते, खरं हाय. पन तिच्यावर एक कप चहा ठेवून पाय. बाबाले एक कप चहाच पायजे, अन् आत्ता पायजे. त्याले घरचा गॅस बरा. माह्या लॅपटॉपवर कर."

"तुह्या लॅपटॉपमंदी कोर किती?"

"सहा."

दादा हसला. बाबाराव काकाही हसले. "सहासमोर अठरा," काका म्हणाले, "मंग बोलनंच संपलं, पोरी."

आई दारात डबा घेऊन उभी होती. आमच्या आईचं, तुळसाबाईंचं, मत आधीच तयार असतं. "तो रोज हेच काम करते. तू तिकडं थंड खोलीत डब्बे हालवते. त्याले शिकवू नको."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्या कॉम्प्युटरवर हात ठेवला, नवीन बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. "विक्कीनं बापासाठी आनला," ते म्हणाले. "याच्यावरच गातो." आमच्या घरात मुलगा चुकला तर चूक दुसऱ्या कशाची तरी असते, आणि मुलगी बरोबर असली तर तिचं तोंड जास्त चालतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं ठरलं. दादाने सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले आणि टोपलीत घालून शटरबाहेर ठेवले, कारण माईकमध्ये गुरगुर येते. हे त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो; एखादा मोबाइल आत राहिला असता तर गाणं त्यात तरी उरलं असतं. बाबा आणि बाबाराव काका आतल्या खोलीत बसले. मधल्या भिंतीला एक काच होती. काचेच्या अलीकडे दादा कॉम्प्युटरसमोर, आणि त्याच्या मागे मी आणि आई. हेडफोन दोनच होते, एक बाबांच्या कानाला आणि एक दादाच्या.

बाबांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले.

"इको नाई येऊन राह्यला," ते म्हणाले. "असं वाटते का कोनी ऐकूनच नाई राह्यलं."

मला ते समजलं. चाळीस वर्षं त्यांचा आवाज भोंग्यातून वस्तीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत त्यांच्याकडे यायचा. तो परत आला की ते पुढची ओळ उचलायचे. गायन पार्टीतले सगळेच असे. कोरडं गायला सांगितलं की त्यांचा पायच उचलत नाही. "साधं रेकॉर्ड कर, इको नंतर टाकता येते" असं मी आदल्या दिवशी बोलले होते, ते मात्र चुकीचं निघालं.

दादाने इको चालू केला. आता बाबांना त्यांचाच आवाज उशिरा ऐकू यायला लागला. ते ढोलकीवरून घसरले, पुन्हा धरायला गेले, पुन्हा घसरले. दादाने सेटिंग खाली ओढली, म्हणजे आवाज परत पाठवायला कॉम्प्युटरला मिळणारी सवड कमी केली. आवाज वेळेवर यायला लागला, बाबांनी मान डोलावली. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल खूण लुकलुकायला लागली.

ती खूण मला माहीत होती. तिचा अर्थ, कॉम्प्युटरला वेळेत जमलं नाही आणि त्याने मधला आवाज टाकून दिला. टाकला म्हणजे गेला, तो नंतर कुठे शोधून सापडत नाही.

"दादा, कानात तडतड येऊन राह्यली ना?"

"वायर हाय ते. नंतर साफ करतो."

"वायर नाई. त्याले झेपून नाई राह्यलं. पाच मिनिटं थांब, माहा लॅपटॉप लावतो आपन."

"प्रियंका, मधात बोलू नको!" तो माझ्यावर ओरडला. आईने माझा दंड धरला. "बापाचा गळा हाय तवरिक गाऊ दे ना वो माय," ती म्हणाली. त्याच गळ्यासाठी तर मी जीव तोडून सांगत होते.

मी काचेजवळ गेले आणि बाबांना हात केला, थांबा म्हणून. त्यांनी मला पाहिलं. नीट पाहिलं. मग मान हलवली, नाही, आणि डोळे मिटून आजीचं गाणं सुरू केलं.

गाद्यांमधून मला ते दबकं दबकं ऐकू येत होतं. तरी सांगते, बाबा असे कधी गायले नव्हते. घोगरेपणा कुठे गेला माहीत नाही. आजी नदीच्या वाळूत बसली, पोराला पाणी पाजलं, उठली, चालायला लागली. शेवटी सुभद्रा या नावावर त्यांनी तान घेतली आणि इतकी लांब नेली की बाबाराव काकांचे हात ढोलकीवर थांबले. आई पदरात तोंड घालून रडत होती. मी लाल खुणेकडे बघत होते. ती विझतच नव्हती.

दुसऱ्या गाण्याला बाबांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पाणी प्यायले, परत गाऊन बघितलं. मग हेडफोन काढून ठेवला. संपलं होतं.

नागपूरला ऑपरेशन झालं. बाबा वाचले, त्याबद्दल माझी कोणाशी तक्रार नाही. गळ्याला भोक आणि त्याच्यावर पांढरं फडकं घेऊन ते घरी आले तेव्हा मी पुन्हा रजा काढून गेले. दादाने तोपर्यंत गाणं 'साफ' केलं होतं. सगळ्यांना ऐकवायला त्याने घरी स्पीकर आणला. बाबाराव काका आले. आईने चहा ठेवला.

तडतड खरंच गेली होती. पण तिच्यासोबत शब्दांच्या कडाही खरवडून निघाल्या होत्या. ओळी मधेच गिळल्यासारख्या व्हायच्या. वाळू आली, पाणी आलं, पोर आलंच नाही. आजीचं नाव 'सु' आणि 'द्रा' असं आलं, आणि ती तान, जिच्यासाठी वस्ती श्वास धरून बसायची, ती तुकड्यातुकड्यांनी आली आणि कुठे संपली तेही कळलं नाही. बाबांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. जिथे आवाज नव्हता तिथेही हलत होते.

गाणं थांबलं. दादा बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. बाबांनी दोन्ही हात उचलून वा, वा केलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझा एवढा मोठा भाऊ बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला.

"पाय, किती मस्त झालं," आई मला म्हणाली. "उगाच कटकट करून राह्यलती तू."

ते सगळे बाबाराव काकांना पोचवायला बाहेर गेले. मी बाबांजवळ सरकले.

"बाबा, खरं सांगा. फुटलं ना गानं?"

त्यांनी होकार दिला.

"त्या दिवशी गातानाच कानात ऐकू येत होतं तुमाले?"

त्यांनी कानाकडे बोट नेलं आणि बोटं तडातडा उघडमिट करून दाखवली. हो.

"मंग थांबले काहून नाई? मी हात करून राह्यलती ना!"

बाबांनी दाराकडे बोट केलं. अंगणात दादा बाबाराव काकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना अठरा कोरचं काहीतरी समजावत होता, आणि काका मान डोलावत होते. त्यांच्यासमोर पोराची मान खाली जाऊ नये, म्हणून. त्यासाठी माझ्या बापाने आयुष्यातलं शेवटचं गाणं जाणूनबुजून त्या डब्ब्यात टाकलं होतं.

"अन् मले?" माझा आवाज चढला. "मले काय ठेवलं तुमी? मी कायले आलती तिकडून? त्याची इज्जत राह्यली, अन् माह्या वाट्याले हे 'सु' अन् 'द्रा'?"

बाबा दचकले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, मग घाईने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. गप्प. ज्या माणसाला आता हाक मारता येत नव्हती, तो मला गप्प बस म्हणत होता.

दादा डोळे पुसत आत आला.

"तू काईच नाई बोल्ली," तो म्हणाला. "खरं सांग, कसं झालं?"

बाबांचं बोट अजून ओठांवर होतं आणि डोळे माझ्यावर.

"चांगलं झालं, दादा," मी म्हणाले.