पाच कोरडे दिवस

अक-साझमध्ये सकाळचा उजेड एकदम येत नसे. पूर्वेकडच्या डोंगराची धार आधी ताकासारखी फिकट होई आणि तशीच बराच वेळ राहत असे, जणू पुढे यावे की नाही याचा निर्णय अजून व्हायचा आहे. मग गावाबाहेरच्या पॉपलरच्या शेंड्यांना कुणीतरी बोट लावल्यासारखा सोनेरी डाग पडे. तिथून उजेड खाली उतरायला लागे तो पायरी पायरीने: आधी पत्र्याच्या छपरांवर, मग छपरांवरच्या थाळ्यांसारख्या अँटेनांवर, मग कुंपणावर वाळत घातलेल्या गोधडीवर. उलारच्या खिडकीत तो सर्वांत शेवटी येई. आत शिरला, की आधी चहाच्या पांढऱ्या वाटीच्या कडेला टेकायचा, मग टेबलावरच्या वहीवर, आणि अखेरीस कोपऱ्यातल्या बंद टीव्हीच्या काचेवर. त्या काचेवर साचलेली धूळ तेवढ्या वेळापुरती सुंदर दिसायची. उलारला वाटे, दिवसाने इथेच थांबावे. याच्या पुढचे सगळे माणसांनी बिघडवलेले असते.

त्या बुधवारी वहीवरच्या उजेडात तो लिहायला बसला आणि फोन वाजला. फोनने कळवले, की आज फिरायला जाण्यासाठी उत्तम दिवस आहे. जुलैच्या अखेरीस, आख्खे गाव गवतकापणीच्या विवंचनेत असताना, फिरायला. त्याच पडद्यावर खाली लिहिले होते: शनिवारी पाऊस, सत्तर टक्के. उलारने फोन पालथा घातला.

जिल्ह्याच्या साप्ताहिकात तो दर आठवड्याला एक स्तंभ लिहीत असे. टीव्ही, बातम्या, फोन, हवा, जे जे म्हणून माणसाला घरबसल्या वैताग देते, त्या सगळ्याचा त्यात समाचार असे. समोरासमोर चार वाक्ये बोलताना ज्याच्या जिभेला गाठ पडायची, तो उलार कागदावर मात्र भरभरून बोले. छापायच्या आधी तो मजकूर गावाच्या ग्रुपवरही टाकायचा. लोक वाचून हसत. पण लोक तो मजकूर खरे तर शेवटच्या ओळीसाठी वाचत. शेवटी दर वेळी लिहिलेले असे: ‘ओस्मोनाली अक्साकाल म्हणतात,’ आणि पुढे येणाऱ्या आठवड्याची हवा.

ओस्मोनाली हे त्याचे वडील; गाव त्यांना मानाने अक्साकाल, म्हणजे वडीलधारे, म्हणे. ते एसेपची होते. चंद्र आणि कृत्तिका कोणत्या रात्री एकमेकांना भेटतात यावरून ऋतूंचा हिशेब मांडणारी आणि गावाने ज्यांच्या शब्दावर मेंढ्या चढवाव्या-उतरवाव्या अशी माणसे खोऱ्यात पूर्वी पाच-सहा होती. आता ते एकटेच उरले होते. दोन वर्षांमागे, शरद ऋतूत, त्यांनी सांगितले होते की बर्फ उशिरा येईल. बर्फ सप्टेंबरातच आला आणि गावातल्या काचकिनच्या चाळीस मेंढ्या खिंडीत अडकून मेल्या. कुणी त्यांना एका शब्दानेही दुखावले नाही. काचकिनने तर त्याच आठवड्यात त्यांच्यासाठी मांस पाठवले होते.

“अताके,” उलारने खिडकीतून वडिलांना हाक मारली, “आजची हवा कशी वाटते?”

अंगणात ओस्मोनाली घोड्याचा खूर मांडीवर घेऊन चिखल काढत बसले होते. त्यांनी मान वर केली, डोंगराकडे पाहिले, ओठ पुढे काढले.

“बघू या.”

“बघू या म्हणजे काय?”

“म्हणजे बघू या. वारा खालून येतोय.”

“म्हणजे कोरडं राहणार.”

“पूर्वी राहायचं,” ओस्मोनाली म्हणाले आणि दुसरा खूर उचलला.

उलारला याचा संताप येई. दुनियेत सगळ्यांना सगळे ठाऊक असते. टीव्हीवरच्या हवामान सांगणाऱ्या बाईला महिन्याभराची हवा माहीत असते, फोनला तर तासातासाची. ज्याला खरोखरच ठाऊक आहे, त्या एकट्या माणसाचे तोंड तेवढे उघडत नाही. विचारल्यावाचून बोलायचे नाही आणि विचारले तर खुरातला चिखल काढायचा. शब्द वडिलांच्या आत पुरते तयार असतात आणि आपण फक्त त्यांना बाहेर काढायला मदत करतो, असे त्याने स्वतःशी कधीच ठरवून टाकले होते.

त्याने लिहिले: ‘टीव्हीवरच्या हवामानाच्या बाई कालही नकाशापुढे अशा उभ्या राहिल्या, की आपले खोरे त्यांच्या कोपराआड गेले. गेली तीन वर्षे आपण त्या कोपराखाली राहतो आहोत. राजधानीत छत्री न्यावी की नाही हे आपल्याला रोज कळते, आपल्या गवताचे काय होणार हे मात्र कुणी सांगत नाही. बातम्यांत सांगितले, की नवा उपग्रह आता डोंगरावरची एकटी मेंढीसुद्धा टिपणार आहे. त्याने कृपा करून आपल्या विजेच्या तारेकडेही एकदा पाहावे. ही बातमी ऐकतानाच दोनदा वीज गेली. फोन म्हणतो, शनिवारी पाऊस, सत्तर टक्के. सत्तर टक्के भिजलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.’

इथे त्याची लेखणी थांबली, कारण फाटकातून बूसारा एजे आत आली होती. ती पलीकडच्या घरातली, सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली बहीण; नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. नदीच्या वळणावरचे कुरण, एक गाभण गाय आणि दोन म्हाताऱ्या घोड्या एवढा तिचा संसार. ओस्मोनाली घोड्याला घेऊन ओढ्याकडे निघून गेले होते, म्हणून ती खिडकीपाशीच आली.

“अक्साकाल कुठायत?”

“पाण्यावर गेलेत, एजे. चहा घ्या.”

“चहाला वेळ नाही. काचकिन म्हणतो, त्याचं गवत कापायचं यंत्र उद्या मोकळं आहे. उद्या नाही तर पुढं दहा दिवस वरच्या वाडीला. दहा दिवसांनी माझं गवत गवत राहणार का, काड्या होतील नुसत्या.”

“मग कापून टाका की.”

“आणि पाऊस आला तर? फोनमध्ये शनिवार दाखवतायत.”

“एजे, तो फोन आज मला फिरायला जा म्हणतोय.”

बूसारा हसली, पण तिथून हलली नाही. “तू नको सांगूस. ते काय म्हणाले?”

उलारने ओढ्याकडे पाहिले. वडिलांची पाठ तेवढी दिसत होती. “वारा खालून आहे म्हणाले.”

“म्हणजे किती दिवस?”

तिच्या चेहऱ्यावर तो सकाळचा उजेड आता पुरता आला होता आणि त्यात तिची थकलेली, उत्तराची वाट पाहणारी नजर त्याला सोसवेना. तिला काहीतरी धरायला हवे होते. ‘बघू या’ हे कुणाला धरता येत नाही.

“पाच,” तो म्हणाला. “पाच दिवस कोरडे.”

ती गेल्यावर त्याने तीच ओळ खाली लिहिली आणि मजकूर ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत काचकिनचे उत्तर आले: ‘कोपराखालच्या गावाचा अक्साकालला सलाम. उद्या सकाळी सहाला यंत्र वळणावर.’

गुरुवारी गवत पडले. शुक्रवारी ते ओळीओळीने वाळत होते आणि त्याचा गोड वास घरापर्यंत येत होता. शुक्रवारी संध्याकाळी ओस्मोनालींनी दोनदा पश्चिमेकडे पाहिले. जेवताना ते म्हणाले, “बूसाराचं गवत उद्या दुपारच्या आत रचायला हवं.”

“कशाला? ओलं आहे अजून. रविवारी रचेल ती.”

“हं,” ओस्मोनाली म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्यावर ती बाई राजधानीतल्या उकाड्याबद्दल बोलत होती. उलार तिच्या कोपराकडे बघत राहिला. वडिलांनी जे म्हटले त्यात काहीतरी होते, हे त्याला कळले. पण ते नुसते जेवतानाचे बोलणे आहे असे त्याने ठरवले, कारण छापायला गेलेल्या मजकुरात वेगळे लिहिलेले होते.

शनिवारी दुपारी सव्वादोनला पाऊस आला. अगदी सत्तर टक्के वगैरे नव्हे, सगळाच्या सगळा आला. रात्रभर पडला आणि रविवारी सकाळी दहाला थांबला. फोनने कळवले, की आता हवा निवळत आहे.

रविवारी उलार आणि ओस्मोनाली दाताळी घेऊन वळणावर गेले. काचकिनही आला होता. ओळी जमिनीला चिकटून बसल्या होत्या; दाताळ्याने उलटल्या की खालून काळपट, वाफाळलेले गवत निघे आणि परवाच्या गोड वासाच्या जागी तळघराचा वास येई. बूसारा एजे झग्याचा घोळ कमरेला खोचून ओळ उलटत होती. ती रागावली असती तर उलारला बरे वाटले असते.

“अर्धं तरी हाताला लागेल,” काचकिन म्हणाला. “वरचं वरचं. खालचं गाय तोंडात धरणार नाही.”

“गाय माझ्यापेक्षा शहाणी,” बूसारा म्हणाली. “ती कुणाला विचारायला जात नाही.”

काचकिन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण ओस्मोनाली दाताळे टेकून उभे राहिले होते.

“चुकलं माझं, बूसारा,” ते म्हणाले. “आमची वरची गंजी तुझी. काचकिन उद्या आणून टाकेल.”

“असू द्या हो, अक्साकाल. वरच्याच्या मनात होतं, तिथं तुम्ही काय करणार. माणूस आहे, चुकतो.”

“हो,” ओस्मोनाली म्हणाले. “चुकतो.”

उलारच्या हातातले दाताळे थांबले. वडील त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याला कळेना, की ते हे का करत आहेत. मग ते हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “ओढ तू. थांबू नको.”

“तुम्ही माझं लिहिलेलं वाचता का?” उलारने तितक्याच हळू विचारले.

“चष्मा आहे मला.”

“सगळं वाचता?”

“दर आठवड्याला. ते कोपराचं चांगलं लिहिलंस.” त्यांनी एक ओळ उलटली. “शेवटची ओळ वाचली की वाटायचं, एवढं सगळं अजून कळत असतं तर बरं झालं असतं. पण लोक पुन्हा रस्त्यात थांबवून विचारायला लागले. मेंढ्यांच्या नंतर कुणी विचारेनासं झालं होतं. मग ती ओळ माझी नाही, असं मीही कुणाला बोललो नाही.”

उलारला एकाएकी त्या सगळ्यांचा राग आला: टीव्हीचा, फोनचा, उपग्रहाचा, आणि गप्प बसून नाव वापरू देणाऱ्या या म्हाताऱ्याचा. तो राग त्याने नेहमीसारखा वाक्यात बसवून पाहिला. वाक्ये छान जुळली. एकही खरे नव्हते. स्तंभात त्याने प्रत्येक खोटारड्याला नावानिशी धरले होते. त्या यादीत स्वतःचे नाव तो विसरलेला नव्हता, टाळत आला होता.

बूसारा एजे आपल्या ओळीच्या टोकाशी पोहोचली होती आणि घाम पुसत उभी होती.

“एजे,” उलार म्हणाला. त्याची जीभ नेहमीसारखी अडली. काचकिनने मान वर केली. “एजे, ते पाच दिवसांचं.”

“झालं ते, पोरा. बोलून काय वाळणार आहे का.”

“उलार,” ओस्मोनाली म्हणाले.

“ते अताके म्हणाले नव्हते.”

“म्हणजे?”

“ते म्हणाले होते, बघू या. पाच मी म्हटलं.”

“फक्त या वेळीच?” काचकिनने विचारले.

उलारने दाताळे जमिनीत रोवले.

“मेंढ्यांच्या नंतर,” तो म्हणाला, “अताकेंनी एकही अंदाज सांगितलेला नाही.”