सोनेरी पंजाखालचा दिवा

जुन्या गाड्यांच्या आवारात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर, टायरवाले आणि ज्यांना आयुष्यात ट्रक घ्यायचा नव्हता असेही पन्नासेक लोक एका लाल ट्रककडे माना उंचावून बघत होते. ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्या पेटीतून काढून सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवल्या होत्या. रिकाम्या पेटीत तारांची टोकं लोंबत होती.

महाराजांनी डोळे मिटले, उजवा तळहात समोरच्या पत्र्यावर टेकवला आणि आत बसलेल्या चेल्याला खूण केली. चावी फिरली. इंजिन दोनदा कुरकुरलं आणि बॅटरीशिवाय सुरू झालं. गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला.

"वीज तारेत नसते, बाळांनो," महाराज म्हणाले. "तारेत असती तर वाळत घातलेले कपडे चमकले नसते का? वीज तळहातात असते. मी गाडी विकत नाही, माझा हात सोपवतो."

हेच महाराज पाच वर्षांपूर्वी याच आवारात गाड्यांना रंग मारायचे. तेव्हा त्यांच्या हातात फक्त ब्रश होता. पण श्रद्धेचं बिऱ्हाड एकदा थाटलं की जुना पत्ता कोण विचारतो?

गर्दीत ताई उभी होती. तिचं रस्त्याच्या टोकाला बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. धाकट्या भावाने हट्टाने तिला बोलावलं होतं, ते ट्रक तपासायला नव्हे, कौतुक करायला. अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढल्यावर तो स्वतःची गाडी घेत होता. संध्याकाळी पहिला माल भरून घाट उतरायचा, आणि बायकोला तान्ह्या मुलीसह वाटेत माहेरी सोडायचं, असं ठरलं होतं.

"वन्सं, आज तरी काही काढू नका," भावजय आधीच कानाशी लागली होती. "किती दिवसांनी हसलेत हे."

भिंतीवरच्या पाटीवर महाराजांचे नियम होते. दिवसा दिवे लावू नयेत, गाडीची नजर जाते. गाडीला सुई टोचू नये. पंजा काढू नये. शिवाय आवाराचा जुना रिवाज होताच, की गिऱ्हाइकाने चावी हातात घेतली की सौदा पक्का. आजवर कुणी चावी परत केली नव्हती.

ताईने केबिनमध्ये डोकावलं. स्टिअरिंगमागच्या डॅशबोर्डच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात, सोनेरी कागदाचा छोटा पंजा चिकटवलेला होता. त्या कोपऱ्यात काय असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

महाराजांनी गाडीची दुसरी, जादाची चावी पुढे केली. भावाने दोन्ही हात पसरले.

"थांब," ताई म्हणाली. "महाराज, हेडलाइट लावून दाखवा."

"ताई, सूर्य डोक्यावर आहे," महाराज म्हणाले.

"माझा भाऊ उन्हात घाट उतरणार नाहीये."

कुणीतरी खुदकन हसलं. भावाचा चेहरा उतरला. ताईने पिशवीतून मीटर काढला तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. "ताई, लोक बघतायत. सुई टोचायची नाही म्हणून लिहिलंय ना?"

ताईने हात सोडवला नाही. नऊ वर्षं कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिने हलक्या आवाजात सांगून टाकली.

"त्या पंजाखाली जो दिवा असतो, तोच तुझ्या दाजींच्या गाडीत लागायचा. लाल. डोळ्यांवर येतो म्हणाले, म्हणून मी त्यावर काळी पट्टी चिकटवली. माझ्या हाताने. पाचव्या दिवशी वळणावर सगळे दिवे एकदम गेले. लोक म्हणाले, वेळ आली होती. वेळ नव्हती आली रे. दिवा पाच दिवस सांगत होता, आणि मी त्याचं तोंड बांधलं होतं."

भावाची पकड सुटली. बाजूला होऊन त्याने तिला वाट करून दिली.

ताईने वाकून मीटरची लाल सुई स्टार्टरच्या जाड बोल्टला लावली, काळी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. आकडा आला पंचवीस व्होल्ट.

"इंजिन चालू असलं की अल्टरनेटर वीज बनवतो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुम्ही डायनामो म्हणता तो. तो धड असेल तर इथे अठ्ठावीसच्या आसपास दिसतं. पंचवीस म्हणजे नुसती बॅटरी. आणि बॅटऱ्या तर तुमच्या पायाशी आहेत. मग हे पंचवीस कुठून आले?"

लोक पायाशी ठेवलेल्या बॅटऱ्यांकडे बघायला लागले.

"दिवे लाव," ती भावाला म्हणाली.

तो केबिनमध्ये चढला. चेला मुकाट्याने पलीकडच्या दाराने उतरला. दिवे लागले आणि आकडा घसरायला लागला. चोवीस. साडेतेवीस. इंजिन जोरात चालत होतं, तरी आकडा वर येईना. मग भावाने न सांगता नखाने तो सोनेरी पंजा उचकटला. खाली बॅटरीच्या आकाराचा दिवा लालभडक पेटलेला होता, बॅटरी चार्ज होत नसल्याचं सांगणारा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडली. बोल्टपासून निघालेली एक जादा तार पत्र्याआडून वर गेली होती. भावाने ती चाचपत मागच्या झोपायच्या फळीपर्यंत नेली आणि गादी उलटली. गादीखाली दोन जुन्या बॅटऱ्या निवांत झोपल्या होत्या.

"अश्रद्धेने शक्ती गेली," महाराज हात मागे घेत म्हणाले. "सुई टोचलीत, कृपा निघून गेली."

"कृपा गेली तर इंजिन कसं चालू आहे?" भावजयीने विचारलं. तिने मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली.

"यांचे तिन्ही नियम परत वाचा," ताई म्हणाली. "दिवसा दिवे लावू नका, म्हणजे बॅटरी उतरताना दिसणार नाही. सुई टोचू नका, म्हणजे आकडा कळणार नाही. पंजा काढू नका, म्हणजे दिवा दिसणार नाही. या बॅटरीवर दिवे दोन तास टिकले असते. घाटाची वाट चार तासांची आहे. जो बघू नका, मोजू नका, विचारू नका म्हणतो, त्याच्याकडेच आधी बघावं. गाडी घेताना चावी फिरवा, लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू करा, तो विझला पाहिजे. मग सगळे दिवे लावून मोजा. याला सिद्धी लागत नाही. पाच मिनिटं लागतात."

भावाने चावी काढली. इंजिन बंद पडलं. त्याने ती चावी महाराजांच्या तळहातावर ठेवली.

लोक पांगले नाहीत. काहीजण अजून पुटपुटत होते, की बाईमाणसाने टोकायला नको होतं. एवढ्यात मागून एक पांढऱ्या केसांचा ड्रायव्हर पुढे आला. त्याने फोन कानाला लावला होता. परवाच त्यानेही इथूनच ट्रक घेतला होता. जावई सकाळीच माल भरून निघाला होता.

"जावईबापू, कुठे आहात? घाटाच्या अलीकडे ना? गाडी कडेला घ्या. घेतली? इंजिन चालूच राहू द्या आणि तो पंजा काढा. पाप लागलं तर मला लागू दे. काढा."

त्याने फोन स्पीकरवर टाकला. कागद फाटल्याचा आवाज आला.

"मामा," पलीकडून जावई म्हणाला, "इथे लाल दिवा पेटलाय."

म्हाताऱ्याने फोन ताईपुढे धरला. ताईने फोन त्याच्या हातातून घेतला.

"पुढे जाऊ नका," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर मिस्त्रीला बोलवा. आणि तो दिवा परत झाकू नका."